वेलीची शेंग पिकेपर्यंत

इंग्लंडला मी गेले ती माझ्या मोठ्या बहिणीला परत आणायला. राजवाडा, मोठं घड्याळ, नदीवरचा पूल यांतलं मी काही म्हणजे काही पाहिलं नाही. ज्यांना त्याची माहिती हवी असेल त्यांनी आमच्या कॉलनीतल्या मेश्रामकाकांना गाठावं. ते टूरबरोबर जाऊन आलेत, आणि एकदा का त्यांनी फोटो दाखवायला घेतले की जेवूनच उठावं लागतं.

ताई नर्स. मी नागपूरला कॉलेजात होते तेव्हा ती लीड्सच्या हॉस्पिटलात नोकरीला गेली. "दोन वर्षांत येते वं बेबी," म्हणाली. घरात मला सगळे बेबी म्हणत. आता बासष्टाव्या वर्षी तसं म्हणणारी ताई एकटीच उरली आहे. दोनाची पाच वर्षं झाली, लग्न झालं, मुलगी झाली, घर झालं. सुट्टीवर आली की प्रत्येक वेळी सांगायची, रिटायर झाले की कायमची येते. रिटायर झाली. भाऊजी गेले. तरी आपलं पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी.

मी लग्न केलं नाही. आईबाबांचं सगळं केलं, वीज ऑफिसात नोकरी केली, आणि रिटायर झाल्यावर मागच्या अंगणात एक खोली बांधली. ताईची खोली. तिच्या गुडघ्यांसाठी कमोड बसवला, गिझर लावला, खिडकीत खसच्या ताट्यांचा नवा कूलर ठेवला. चादर घालून पलंग तयार आहे. त्या खोलीत अजून कोणी एक रात्रसुद्धा झोपलेलं नाही, आणि रोज सकाळी अंगण झाडताना ते बंद दार बघणं मला सहन होत नव्हतं.

हिवाळ्यात ताईचा फोन आला. "बेबी, आता नक्की येते. फक्त एका वेलीले शेंग धरली आहे, तेवढी पिकू दे."

शेंग! मुलीची परीक्षा झाली, भाऊजींचं दुखणं झालं, ते मी समजून घेतलं. पण शेंगेसाठी माणूस अडून बसतं का कुठं? मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी व्हिसाच्या मागे लागले. आपणच जावं, शेंग खुडावी आणि बाईला विमानात बसवावं, असा माझा साधा सरळ बेत होता.

मेडनहेड

हीथ्रोवर घ्यायला भाची आली होती. मीनल, ताईची एकुलती एक. कॉम्प्युटरचं काम करते, मेडनहेडला राहते, जन्म लीड्सचा. तिची मराठी अशी की प्रेम भरपूर आणि व्याकरण देवाच्या भरवशावर. "मावशी, तुझी चहा थंड झाला," म्हणाली, आणि मला इतकी माया आली की मी तो थंड चहा तसाच पिऊन टाकला.

मेडनहेड नदीकाठचं नेटकं गाव आहे. सकाळी सगळे पाठीला सॅक लावून स्टेशनकडे पळतात आणि संध्याकाळी सगळे स्टेशनातून बाहेर सांडतात. मधल्या वेळात गावात मी आणि कुत्रे फिरवणाऱ्या बायका. एकही बाई दुसरीला "कुठं निघालात?" असं विचारत नाही. मला तर विचारल्याशिवाय राहवेना. एकीला विचारलं, तर तिने बिचारीने घड्याळात बघून मला स्टेशनचा रस्ता समजावून सांगितला.

रात्री जेवताना मी मीनलला सांगितलं, "तुझ्या आईला घेऊन चाललेय मी."

ती भांडी मशीनमध्ये लावत होती. "आई नाही येणार, मावशी. ती बोलतो खूप. पण जात नाही."

"तू गप बैस," मी म्हटलं. "आता मी आलेय ना."

तिने मी आणलेल्या संत्रा बर्फीचा तुकडा तोंडात टाकला आणि खरंच गप बसली. पण नजर तिने माझ्यावरून हलवली नाही, आणि मला ते आवडलं नाही.

लीड्स

लीड्सच्या ट्रेनमध्ये मी बसल्या बसल्या शेजारच्या वंदनाला फोन लावला. झाडांना पाणी घातलं का, दूधवाल्याला सांगितलं का, मांजर आत तर नाही राहिलं. समोरचा माणूस खिडकीच्या काचेकडे बोट दाखवू लागला. बाहेर मेंढ्या होत्या. मी म्हटलं, "येस, व्हेरी नाइस," आणि पुढे बोलत राहिले. त्याने पुन्हा बोट दाखवलं, मी पुन्हा मेंढ्यांचं कौतुक केलं. फोन संपल्यावर काचेवरचं स्टिकर दिसलं: हा डबा शांत बसणाऱ्यांचा. मग लीड्सपर्यंत मी त्या माणसाकडे पाहिलं नाही आणि मेंढ्यांकडेही नाही.

ताई फलाटावर उभी होती. लोकरीची टोपी, गुडघ्यापर्यंत कोट, आणि माझ्या आठवणीपेक्षा एवढीशी. सगळ्या स्टेशनादेखत ओरडली, "आली वं माझी बेबी!" आम्ही दोघी तिथेच गळ्यात पडून रडलो. माणसं वळसा घालून जात होती, पण एकानेही थांबून बघितलं नाही. आपल्याकडे निदान चार जणांनी विचारलं असतं, कोण गेलं म्हणून.

ताईचं घर म्हणजे लाल विटांच्या लांबलचक रांगेतलं एक घर. पुढे रस्ता, मागे हातरुमालाएवढं अंगण. त्यात कुंडीत कढीपत्ता, तो थंडीत आत येतो आणि उन्हाळ्यात बाहेर जातो. तिने माझ्यासाठी वडाभात केला होता. पहिला घास घेतला आणि हात थांबला. आईच्या हातची चव. मी नागपुरात राहून ती चव विसरले होते, आणि ही बाई इथे धुक्यात बसून ती जपत होती.

तिची बोलीसुद्धा तशीच. मी ऑफिसात राहून 'मला-तुला' करायला शिकले, ती अजून आईसारखं 'मले-तुले' म्हणते. आणि विचारते ते सगळं त्याच काळातलं. "कोपऱ्यावरचा तर्रीपोहेवाला आहे का वं?" पहिल्या रात्री तिने विचारलं.

त्या जागी मोबाइलचं दुकान होऊन जमाना झाला. पण तिचा चेहरा असा उजळला होता की मी म्हणून गेले, "आहे ना! तस्साच आहे. हरभऱ्याची तर्री अजून तशीच जाळ."

मग काय, रोजच सुरू झालं. चिंचेचं झाड? आहे. शाळेमागची विहीर? आहे. कापडाच्या दुकानातला तो तिरळा म्हातारा? "तो गेला," मी म्हटलं, कारण तो जिवंत असता तर सव्वाशे वर्षांचा असता. "पण मुलगा बसतो, तोही जरा तिरळाच आहे." ताई पोट धरून हसली. मी मनात म्हटलं, बस, आता ही येते.

काचघर

ताई आठवड्यातून दोनदा एका बागेत व्हॉलंटियर म्हणून जाते. बागेचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी वेल पाहायला गर्दी नको अशी विनंती केली आहे, आणि मेश्रामकाका हे वाचणार आहेत. लीड्सहून बसने जावं लागतं. झाडं अजून उघडीनागडी होती, दगडी कुंपणांमधून मेंढ्या, रस्त्याकडेला पिवळी डॅफोडिल. बसचा ड्रायव्हर मला "लव्ह" म्हणाला तेव्हा मी दचकलेच. ताई म्हणाली, "घाबरू नको, इथं सगळेच सगळ्यांना म्हणतात."

जुन्या बंगल्यामागे उंच काचघर होतं. दार उघडलं आणि माझ्या चष्म्यावर वाफ बसली. ओल्या मातीचा वास, पानांवरून ठिबकणारं पाणी, अंगाला चिकटणारी हवा. नागपूरचा जुलै! मी इंग्लंडात आल्यापासून पहिल्यांदा खांदे खाली सोडले. चष्मा पुसून बघते तर ताईने टोपी काढली, कोट काढला, स्वेटर काढला आणि नुसत्या सलवार-कमीजमध्ये उभी राहिली. दहा वर्षांनी लहान दिसत होती.

"ती बघ," म्हणाली.

छताखालच्या तारांवर एक दणकट वेल पसरली होती आणि तिच्यातून हातभर, काही दीड हात लांबीचे फुलांचे घोस खाली लोंबत होते. रंग कसा सांगू? मोरपंखी म्हणावं तर त्यात हिरवा जास्त, पिस्ता म्हणावं तर त्यात निळा. एवढं वय झालं, असा रंग मी कापडावरसुद्धा पाहिला नव्हता. एकेक फूल वाकड्या चोचीसारखं. मी एक खाली पडलेलं उचललं आणि ओरडलेच, "अगं, हा तर पळस!" आमच्याकडे मार्चात रस्त्याने पेटलेला असतो तोच, फक्त केशरीऐवजी या रंगात. मी घाईघाईने पान शोधलं. एका देठाला तीन.

"पळसाला पानं तीनच," मी म्हटलं.

"मीपण पहिल्या दिवशी हेच म्हटलं होतं," ताई म्हणाली. "ऐकायले कोणी नव्हतं."

इंग्रजीत तिला जेड व्हाइन म्हणतात. मूळची फिलिपीन्सच्या बेटांवरची. तिथली जंगलं तुटली, वेल दुर्मीळ झाली. तिची फुलं फळतात ती वटवाघळांमुळे. रात्री ती उलटी लटकून घोसातला मध पितात आणि त्यांच्या डोक्याला लागून पराग इकडून तिकडे जातात. यॉर्कशायरच्या काचघरात ते वटवाघूळ कुठून यायचं? म्हणून इथे वेल दर वर्षी फुलते, घोसच्या घोस गळून पडतात आणि शेंग काही धरत नाही.

बागेची मुख्य माळीण हेलन, उंच, लाल गालांची, माझ्याच वयाची. ती म्हणाली, बरीच वर्षं आम्ही ब्रशने प्रयत्न केले, जमलं नाही. मग एके दिवशी विमलने विचारलं, मी करून बघू? विमल म्हणजे ताई. नवजात बाळाच्या शिरेत सुई घालणारे हात ते. जानेवारीतल्या पहिल्या घोसावर तिने ब्रश फिरवला आणि एक, फक्त एक शेंग धरली.

ती शेंग मी पाहिली तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. चांगली मोठ्या पपईएवढी, हिरवी, आणि तिच्याखाली वरच्या तारेला बांधलेली झोळी. तान्ह्या पोराला बांधतात तशी. पांढऱ्या सुती कापडाची. मी कापडाला हात लावला आणि ओळखलं. आईचं पातळ. दर जयंतीला आणि पौर्णिमेला ती नेसायची ते.

"वजनाने देठ तुटला असता," ताई म्हणाली. "आणि फरशीवर पडली असती तर फुटली असती. हेलन जाळी बांधणार होती. मी म्हटलं, थांब."

या वेलीची ओळख ताईला करून दिली ती लिगायाने. दोघी एकाच वॉर्डात नर्स होत्या, एकत्र नाइट ड्युटी केलेल्या. लिगाया फिलिपीन्सची, पण गंमत बघा, वेल तिने आपल्या देशात कधी पाहिली नव्हती. आजीकडून नुसतं नाव ऐकलेलं, तायाबाक. ती पहिल्यांदा दिसली या काचघरात, आणि लिगाया तिच्याखाली बसून तासभर रडली. तेव्हापासून दोघी सुट्टीच्या दिवशी इथे यायच्या. मग लिगाया रिटायर झाली आणि खरोखरच आपल्या गावी परत गेली.

"बघ," मी लगेच म्हटलं. "ती गेली ना!"

"हो, गेली," ताई म्हणाली आणि पाइप घेऊन पाणी मारायला लागली.

जयंतीचा दिवस

एप्रिलमध्ये नागपूर सोडून राहायची माझी ही पहिलीच वेळ. आमच्याकडे जयंतीला रात्री बारापासून रस्ते निळे होतात, आणि मी ताईच्या स्वयंपाकघरात बसून कुरडया तळत होते.

ताई सकाळीच बागेत जाऊन आली होती. गळलेली फुलं हेलन तिला नेऊ देते. लीड्सचं विहार म्हणजे अशाच रांगेतलं एक घर. खालच्या खोलीत बुद्धमूर्ती, वर दोन भंतेंची राहायची सोय. तिथे सगळे मावत नाहीत, म्हणून दुपारी कम्युनिटी हॉलमध्ये कार्यक्रम होता. नागपूरचे, पुण्याचे, मुंबईचे आयटीवाले, डॉक्टर, त्यांची इंग्रजी बोलणारी पोरं. ताईने स्टीलच्या ताटात ती फुलं तिथे मांडलेल्या मूर्तीपुढे ठेवली आणि सगळा हॉल तिथे जमा झाला. "मावशी, हे कुठलं फूल? रिअल आहे का?" एकाने विचारलं. बुद्धवंदना सुरू झाली. फुलासारखाच हा देहही कोमेजणार, या अर्थाची गाथा म्हणताना ताईचा आवाज जरा घोगरा झाला. त्या पाचूसारख्या फुलांच्या कडा तोपर्यंत जांभळट पडायला लागल्या होत्या.

जेवताना एक नवीन आलेली मुलगी ताईला म्हणाली, "काकू, मला नाही करमत इथे. दोन वर्षं काढते आणि जाते परत."

मी ताईकडे पाहिलं. ताईने तिच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली. "हो बाई," म्हणाली. "जेव आधी."

शेंग

माझं परतीचं तिकीट मेच्या मध्यावरचं. एप्रिल संपत आला तरी शेंग आपली हिरवीच. आम्ही बागेत गेलो की मी आधी झोळीत डोकावायची. रंग बदलला का, देठ सुकला का. हेलनने पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं: कृपा करून हात लावू नका. ताईला मीही बजावून ठेवलं होतं: तुझ्या तिकिटाचं मीनलला सांगून ठेव. "सांगते ना," ती म्हणायची. सांगत नव्हती.

त्या दिवशी ताई आणि हेलन बाजूच्या खोलीत कुंड्या भरत होत्या. काचघरात मी एकटी. झोळीत शेंग पहुडलेली, एका अंगाने जराशी पिवळट. की मला भास होत होता? आता मला सांगा, एप्रिल महिना, समोर टरबुजाएवढी नसली तरी तशीच गोल गरगरीत वस्तू, ती पिकली की नाही हे बघायचंय. आपण काय करतो? आपल्याकडे हातगाडीवर बोटांनी टकटक केल्याशिवाय कोणी टरबूज घेतं का? माझा हात आपोआप गेला. टक टक. आवाज भरीव आला. कान जवळ नेऊन पुन्हा, जरा जोरात. टक.

देठ सुटला.

शेंग आईच्या पातळात अलगद बसली, झोळी एकदा हलली आणि थांबली. एवढी वर्षं कोणाला न जमलेली गोष्ट माझ्या बहिणीने केली होती आणि मी नागपूरहून विमानाने येऊन तिला टिचकी मारली होती.

"ताई!" कशीबशी हाक मारली.

दोघी धावत आल्या. ताईने झोळीत पाहिलं, मग माझ्याकडे. "काय केलंस वं बेबी," एवढंच म्हणाली. लहानपणी तिच्या बाहुलीचा हात मी उपटला होता तेव्हा अगदी याच आवाजात म्हणाली होती. ओठ घट्ट मिटून हेलनने शेंग दोन्ही हातांनी उचलली, देठ निरखला, हुंगला. मी "सॉरी, सॉरी" करत त्यांच्यामागे टेबलापर्यंत गेले. आपल्याला पृथ्वीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

हेलनने सुरीने साल कापली. आत पांढरा गर आणि त्यात सुपारीहून मोठ्या तपकिरी बिया. काही चपट्या, फोल. पण चार भरलेल्या, टणक, चकाकणाऱ्या. ताईने एकेक बी तळहातावर घेऊन अंगठ्याने दाबून पाहिली.

"तयार आहेत," ती म्हणाली.

हेलनने श्वास सोडला. कच्ची शेंग अशी टिचकीने सुटत नाही, पिकलेलीच सुटते, असं ती मला म्हणाली. ते खरं होतं की माझी समजूत घालायला, देव जाणे. पुढे तिने जे सांगितलं ते मात्र मी नीट ऐकलं. या बिया ठेवून चालत नाहीत. वाळल्या की मेल्या. आजच्या आज पेरायच्या. उगवल्या तर दोन रोपं फिलिपीन्सच्या बेटावर जातील. तिथल्या एका बागेने मागितली आहेत, जंगलाच्या कडेला लावायला. जिथून वेल नाहीशी झाली तिथे परत.

ताईने चार कुंड्यांत चार बिया दाबल्या. वरून माती सारखी केली आणि थोडा वेळ हात तसाच मातीवर ठेवून उभी राहिली.

बागेच्या टी-रूममध्ये आम्ही खिडकीशी बसलो. बाहेर पाऊस, तिथला तो चाळणीतून पडल्यासारखा. ताईने दोन स्कोन, म्हणजे तिथले गोडसर पाव, आणि चहाची किटली मागवली. मी म्हटलं, "चला. झाली शेंग. आता तिकीट काढू."

ताई स्कोनला लोणी लावत होती. कडेपर्यंत, नीट.

"मी येत नाही, बेबी."

"रोपं उगवेपर्यंत थांबायचंय का? थांब. मी तिकीट पुढे ढकलते."

"नाही वं. येतच नाही."

आधी मला राग आला. असा आला की किटली हलली. आणि माझ्या तोंडून आईची बोली बाहेर पडली, "मग मले काहून आशेवर ठेवलं एवढी वर्षं? मी खोली बांधली! कमोड बसवला!"

"तुले नाही ठेवलं," ती म्हणाली. "मलेच ठेवून राहिली होती."

मग हळूहळू बोलली. लिगाया गेली ना परत, ती रोज फोन करते. काय विचारते माहीत आहे? लीड्सले पाऊस पडून राहिला का. तिथे तिची गल्ली राहिली नाही, मैत्रिणी राहिल्या नाहीत, भाच्यांना ती पाहुणी वाटते. इथे होती तेव्हा तिथलं झुरणं, आता तिथे बसून इथलं. "मी आली तर माझंही तेच होईल. मग मी नागपुरात बसून कशासाठी झुरू? नागपूरसाठीच?"

"पण मी आहे ना तिथे. आणि सगळं तसंच आहे, तुला सांगितलं ना. तर्रीपोहेवाला..."

"तिथं मोबाइलचं दुकान आहे," ताई म्हणाली. "मीनलने मले कॉम्प्युटरच्या नकाशावर सगळ्या रस्त्याचे फोटो दाखवले, दोन वर्षं झाली. चिंच नाही, विहीर बुजवली. मले माहीत होतं."

"मग रोज विचारत काहून होतीस?"

"तू 'आहे' म्हणत होतीस ना," ती म्हणाली. "ऐकायले बरं वाटत होतं."

मी रडायला लागले. चांगली हुंदके देऊन, टी-रूममध्ये. वाढणारी मुलगी आली, कागदी रुमालांची चवड ठेवली, "ऑल राइट, लव्ह?" म्हणाली आणि गेली. ताईने माझा हात धरला. तिच्या नखांत अजून माती होती.

"बी जाते, बेबी," ती म्हणाली. "वेल नाही जात. एवढी मोठी झाल्यावर उपटली तर ना इथली ना तिथली. वेलीखाली उभी राहून मी हे किती दिवस स्वतःले सांगून राहिली, तुले सांगायची हिंमत होत नव्हती."

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "आणि खोलीचं काय करू? भाड्याने देऊ?"

"नको!" ती एकदम म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "राहू दे ना वं. ती आहे म्हणून मले इथं झोप लागते."

नागपूर

मे महिन्यात नागपूरला उतरणं म्हणजे भट्टीचं दार उघडणं. सामानात मीनलने दिलेली चॉकलेटं वितळून एकजीव झाली होती, आणि आईचं पातळ होतं. हेलनने ते धुऊन, इस्त्री करून दिलं होतं. झोळीच्या गाठीच्या सुरकुत्या काही गेल्या नव्हत्या.

विमानात शेजारची सीट रिकामी होती. आपली माणसं अशी सीट मिळाली की पाय पसरून झोपतात. मी तिच्यावर पिशवीसुद्धा ठेवली नाही.

मागच्या रविवारी संध्याकाळी ताईचा व्हिडिओ कॉल आला. लीड्सला तेव्हा दुपार. चार कुंड्यांपैकी दोनांतून कोंब आले होते, तिने मोबाइल अगदी जवळ नेऊन दाखवले. लिगायालाही दाखवले म्हणाली. लिगाया म्हणे किंचाळली, आणि मग पाऊस पडतोय का ते विचारलं. आम्ही दोघी हसलो.

"मागून तो कायचा आवाज आहे?" ताईने विचारलं.

"कूलर. माझ्या खोलीतला. बेचाळीस डिग्री आहे इथं, तुला काय जातंय."

तिने मोबाइल कानाशी धरून तो आवाज ऐकला. मग म्हणाली, "बेबी, माझ्या खोलीतला लाव ना."

मी किल्ली घेऊन अंगणात गेले. तिच्या कूलरमध्ये मी आजवर पाणीच भरलं नव्हतं. दोन बादल्या भरल्या, बटण दाबलं. आधी धूळ आली, मग पाणी ताट्यांवरून उतरलं आणि खसचा वास खोलीभर पसरला. पलंगावरची चादर हलायला लागली. मी मोबाइल उशीला टेकवून ठेवला.

"वास येऊन राहिला," ताई म्हणाली. येणं शक्य नव्हतं.

"आता बोलू नको," ती म्हणाली. "थोडा वेळ फक्त चालू ठेव."

मी दारात पाटावर बसले. कूलर घरघरत होता. पडद्यावर ताईच्या लीड्सच्या खोलीचं छत दिसत होतं, तिने फोन बाजूला ठेवला असावा. थोड्या वेळाने पलीकडून तिच्या घोरण्याचा आवाज यायला लागला, अगदी आईसारखा. मी उठले, आईचं पातळ आणून उशीजवळ ठेवलं, दार हलकेच लोटून घेतलं आणि शेजारच्या वंदनाला सांगून आले की आवाज करू नका, ताई झोपली आहे.